दुसऱ्याच्या डोक्याचें माप

दान करणें सोपें आहे. घेणाऱ्याच्या उपयोगी पडेल असें दान करणें कठीण आहे. आपल्या घरांत नकोशी झालेली वस्तु दुसऱ्याच्या पदरांत टाकून हात झटकणारे पुष्कळ असतात, आणि लोकही त्यांच्या नांवावर औदार्याची जमा मांडतात. परंतु घेणाऱ्यानें ती वस्तु वापरली कीं कोनाड्यांत टाकली, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ह्या गोष्टीचा विचार आम्ही आज एका अगदीं लहान वस्तूच्या निमित्तानें करणार आहों. ती वस्तु म्हणजे हातानें विणलेली टोपी. आणि तीही आजारानें किंवा औषधोपचारानें ज्यांच्या डोक्यावरील केस गेले आहेत, त्यांच्याकरितां विणलेली.

अशा टोप्या विणून रुग्णालयांकडे पाठविण्याची चाल आतां कित्येक शाळांतून व मंडळांतून पडली आहे. चाल चांगली आहे, आणि तिच्या योगानें विणकामाच्या तासाला एक हेतु लाभतो, ह्याबद्दल आम्हांस आनंदच वाटतो. तथापि वर्षाच्या शेवटीं जेव्हां हिशेब सांगितला जातो, तेव्हां तो किती टोप्या विणल्या एवढाच असतो. किती टोप्या डोक्यावर राहिल्या, हा नसतो. आमच्या मतें खरा हिशेब हा दुसराच होय. जी टोपी टोंचते, डोळ्यांवर ओघळते, कानाशीं रुतते किंवा घामानें भिजून जड होते, ती विणणाऱ्याच्या कपाटांत असली काय आणि रुग्णाच्या उशाशीं पडली काय, सारखीच.

आमच्या पाहण्यांतील एक विद्यार्थिनी कर्करोगावरील उपचारानंतर वर्गांत परत आली, तेव्हां तिच्या घरीं भेटीदाखल आलेल्या सात टोप्या होत्या. त्यांपैकीं एकही ती घालीत नसे. आईच्या जुन्या, धुवून धुवून मऊ झालेल्या सुती साडीचा तुकडा ती डोक्याला बांधी. पुढें तिच्या घरीं सहज बोलणें निघालें असतां तिनें कारण सांगितलें, तें एवढेंच: "ह्याला शिवण नाहीं." ह्या तीन शब्दांत जेवढा धडा आहे, तेवढा विणकामाच्या मोठ्या पुस्तकांतही क्वचितच सांपडेल. सातही टोप्या देणाऱ्यांचें प्रेम खरें होतें. परंतु त्यांपैकीं एकानेंही त्या डोक्याची चौकशी केली नव्हती.

प्रथम केस कां जातात, हें समजून घेऊं. कर्करोगावर जीं औषधें शिरेंतून किंवा पोटांतून दिलीं जातात, त्यांपैकीं पुष्कळशीं औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर मारा करितात. रोगाच्या पेशी अशा रीतीनें वाढतात म्हणून त्या माऱ्यांत सांपडतात. परंतु केसांच्या मुळाशीं असलेल्या पेशीही शरीरांतील अतिशय जलद वाढणाऱ्या पेशींपैकीं असल्यामुळें त्यांचीही तीच गत होते. औषध सुरू झाल्यावर बहुधा दोन ते तीन आठवड्यांनीं केस उशीवर, फणींत व मोरींत दिसूं लागतात, आणि पुढें थोड्याच दिवसांत डोकें उघडें पडतें. कित्येकांच्या भिवया व पापण्याही जातात. सर्वच औषधांनीं असें होतें असें नाहीं. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल यांसारख्या औषधांनीं बहुतेकांचे केस जातात. दुसऱ्या कित्येक औषधांनीं ते केवळ विरळ होतात, किंवा जातही नाहींत. औषध थांबल्यावर कांहीं महिन्यांत बहुतेकांचे केस परत उगवतात, मात्र प्रारंभीं ते कधीं कुरळे, कधीं वेगळ्या रंगाचे येतात. डोक्यावर किरणोपचार झाला असेल, तर ज्या भागावर किरण पडले तेथलेच केस जातात, आणि किरणांची मात्रा मोठी असल्यास ते कायमचेही जाऊं शकतात.

केस जाण्याचें कारण नेहमीं कर्करोगच असतो असेंही नाहीं. आपण जिला चाई म्हणतों, त्या विकारांत शरीराची संरक्षक शक्ति चुकून केसांच्या मुळांवरच उलटते व डोक्यावर वाटोळे उघडे चट्टे पडतात. कधीं कधीं सर्वच केस जातात. चाई ही कीड नव्हे, आणि ती एकाची दुसऱ्यास लागत नाहीं. कर्करोगही लागत नाहीं. हें आम्ही मुद्दाम लिहितों. कारण अजूनही कांहीं घरांतून 'त्याच्या शेजारीं बसूं नकोस' अशी ताकीद मुलांस मिळते. खरी गोष्ट ह्याच्या अगदीं उलट आहे. कर्करोगाच्या औषधांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, व म्हणून भय असलें तर तें त्या मुलालाच आपल्यापासून असतें. कांजिण्या किंवा गोंवर अंगावर असलेलें मूल वर्गांत पाठविणाऱ्या पालकांनीं हें ध्यानांत धरावें. जो आजार आपल्या मुलास आठ-पंधरा दिवसांत सोडून जातो, तो अशा मुलाच्या जिवावर बेतूं शकतो.

आतां केसांच्या दुसऱ्या बाजूकडे वळूं. केस हें केवळ डोक्याचें आच्छादन नव्हे. समाज त्यांत अर्थ वाचीत असतो. आपल्याकडे बाळाचें जावळ काढतात तेव्हां घरांत आनंद असतो. तिरुपतीस जाऊन केस अर्पण करणारा स्वखुशीनें करितो. हज यात्रेचे विधि पुरे करणारा मुसलमान पुरुष डोकें मुंडवितो, बौद्ध भिक्षुही मुंडवितो, आणि त्यांत कोणासही लाज वाटत नाहीं. परंतु ह्याच मराठी मुलखांत एके काळीं ब्राह्मण व इतर कांहीं जातींत विधवा स्त्रीचे केस बळानें काढले जात, आणि तें उघडें डोकें पाहून लोक अपशकुन मानीत. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदा सदन उघडलें, तें अशाच स्त्रियांना शिक्षण व आसरा मिळावा म्हणून. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें नाभिकांनीं सभा भरवून, विधवांचें केशवपन आपण करणार नाहीं, असा निश्चय केला. ज्याच्या हातांत वस्तरा होता त्यानेंच तो खालीं ठेवावा, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासांत सोन्याच्या अक्षरांनीं लिहून ठेवण्यासारखी आहे.

ती चाल गेली. परंतु तिची सांवली अजून पुरती गेलेली नाहीं. स्त्रीचें केसांवांचूनचें डोकें दिसलें कीं वयस्क माणसांच्या चेहऱ्यावर एक छटा उमटते, आणि रुग्ण स्त्रीला ती ताबडतोब कळते. तिला रोगाचें दुःख असतें, उपचाराचें असतें, आणि त्यांत ही तिसरी भर पडते. म्हणून आम्हांस वाटतें कीं, केस असण्या-नसण्याइतकाच तें कोणाच्या इच्छेनें झालें, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. यात्रेकरूनें केस दिले, रुग्णाचे ते गेले. दोघांचें डोकें सारखें दिसलें तरी दोघांची अवस्था सारखी नव्हे. ज्याच्या हातून निवड हिरावली गेली, त्याला देण्याच्या वस्तूंत तरी निवड ठेवणें, हा दात्याचा पहिला धर्म आहे. टोपी घालावी कीं न घालावी, रुमाल बांधावा कीं पदर घ्यावा, कीं उघड्या डोक्यानेंच फिरावें, हें त्या व्यक्तीनें ठरवावयाचें. आपली टोपी ही 'हें झांक' अशी आज्ञा होतां कामा नये.

ह्यानंतर प्रत्यक्ष विणकाम. ज्या डोक्यावर केस आहेत त्याची टोपी आणि ज्यावर नाहींत त्याची टोपी, ह्यांत पुष्कळ फरक आहे. केस हे मध्यें गादीसारखे असतात; सुताचा खरखरीतपणा, शिवणीची गांठ, काठाचा दाब हें सर्व ते आपल्यावर घेतात. ते गेले म्हणजे सूत व त्वचा ह्यांच्यामध्यें कांहींच राहत नाहीं. आणि केस गळण्याच्या सुमारास ती त्वचा इतकी हुळहुळी होते कीं, उशीचा स्पर्शही कित्येकांना सोसत नाहीं.

म्हणून पहिली गोष्ट सुताची. तंतु जाड असला कीं त्याचें टोंक त्वचेंत रुततें व टोंचतें. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सुमारें ३० मायक्रॉनहून जाड तंतु अंगाला टोंचूं लागतात, आणि घोंगडीची लोंकर बहुधा त्याहून जाडच असते. मेरिनो मेंढीची उत्तम लोंकर २० मायक्रॉनच्या आंतबाहेर असल्यामुळें ती मऊ लागते. पण ती महाग असते. आपल्या बाजारांत 'लोंकर' म्हणून जें रंगीबेरंगी सूत मिळतें, तें पुष्कळदां लोंकर नसून ॲक्रिलिक असतें. तें हलकें, स्वस्त व धुण्यास सोपें असतें. परंतु घाम शोषीत नाहीं. उलट, सुती धागा घाम शोषतो व त्वचेस सहसा खुपत नाहीं. मात्र त्याला लोंकरीसारखा ताण नसतो, एकदां सैल झाला कीं तो आपण होऊन परत आंवळत नाहीं. आमची सूचना अशी कीं, आपल्या हवेंत बाराही महिने वापरावयाची टोपी मऊ सुताची असावी, आणि थंडीच्या दिवसांकरितां उत्तम प्रतीच्या मऊ लोंकरीची एखादी निराळी असावी. सूत विकत घेण्यापूर्वीं तें गालावर नव्हे, तर मानेच्या पुढच्या बाजूस किंवा मनगटाच्या आंतल्या अंगास क्षणभर घांसून पाहावें. तेथें टोंचलें, तर तें डोक्याला दहापट टोंचेल असें समजावें.

दुसरी गोष्ट शिवणीची. दोन सुयांवर सपाट विणून मागून शिवलेल्या टोपीला एक उभी कड येते, व निजल्यावर ती डोक्याला रुतते. दोन्ही टोंकें अणकुचीदार असलेल्या चार-पांच सुयांवर टोपी गोल विणली, तर शिवणीचें कारणच उरत नाहीं. साध्या विणींत कापडाची एक बाजू गुळगुळीत व दुसरी गांठाळ येते. रीतीप्रमाणें गुळगुळीत बाजू बाहेर ठेवतात, कारण ती लोकांना दिसते. ह्या टोपींत ती आंत ठेवावी. पाहणाऱ्यापेक्षां घालणाऱ्याचा मान मोठा. सुताचीं टोंकेंही आंतून न खोंवतां बाहेरच्या बाजूस टांक्यांतून जिरवावीं. मणी, टिकल्या, बटणें व माथ्यावरचा गोंडा हीं पाहावयास सुंदर दिसतात. परंतु रुग्णाचा बराच काळ पडून जातो, आणि पडलेल्या माणसाला गोंडा म्हणजे उशींत राहिलेला खडाच होय.

तिसरी गोष्ट मापाची. आणि येथें गणिताच्या शिक्षकांनींही आमच्या साह्यास यावें. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर बहुधा २१ ते २३ इंच असतो. टोपी ताणली जाते म्हणून ती घेराहून एक-दोन इंच कमी विणतात. परंतु केस गेल्यावर घेर थोडा कमी होतो व टोपीला धरून ठेवणारें कांहीं उरत नाहीं; म्हणून माप केस गेल्यानंतरचें घ्यावें, पूर्वीच्या टोपीवरून नव्हे. काठ आंवळून टोपी टिकविण्याचा प्रयत्न करूं नये, त्यानें कपाळावर वळ उठतो. दोन सुलट व दोन उलट टांक्यांची सैलशी पट्टी पुरते. खोलीही नेहमींच्या टोपीपेक्षां थोडी अधिक हवी, कारण मानेवरचा व कानांपुढचा जो भाग एरवीं केसांनीं झांकलेला असतो, तोही आतां उघडा पडलेला असतो.

टांके किती घालावे, हें अंदाजानें ठरवूं नये. आधीं चार इंच लांबी-रुंदीचा तुकडा विणून पाहावा व टांके मोजावे. चार इंचांत २० टांके आले, तर इंचास पांच पडले. २० इंच घेराच्या टोपीस १०० टांके लागतील. परंतु जर हात सैल असून इंचास चारच पडत असतील, तर त्याच १०० टांक्यांची टोपी २५ इंचांची होईल व घालणाऱ्याच्या नाकावर येऊन बसेल. माथ्याकडे उतरतांना १०० टांक्यांचे दहा भाग करावे, व एक फेरी सोडून एका फेरींत प्रत्येक भागांत एक टांका कमी करीत जावें. अशा नऊ घटीच्या फेऱ्या झाल्या कीं दहा टांके उरतात. त्यांतून धागा ओंवून माथा बंद करावा, आणि गांठ बाहेरच्या बाजूस मारावी. हें ज्या मुलास समजलें, त्याला गुणाकार व भागाकार कशाकरितां शिकावयाचे, हें निराळें सांगावें लागणार नाहीं.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. विणकाम हात धुवून करावें, आणि तें पिशवींत ठेवावें. जमिनीवर किंवा घरच्या मांजराजवळ ठेवूं नये. टोपी पुरी झाल्यावर ती सौम्य साबणानें धुवून, पुष्कळ पाण्यांत खळबळून, चांगली वाळवावी. म्हणजे कच्चा रंग असल्यास तोही कळतो. तिला अत्तर लावूं नये व डांबराच्या गोळ्यांजवळ ठेवूं नये, कारण उपचार चालू असतां उग्र वासानें कित्येकांना मळमळतें. थोडक्यांत, जी वस्तु आपण नवजात बालकाच्या डोक्यावर घालूं धजणार नाहीं, ती ह्या डोक्यावरही घालूं नये.

येथें एका प्रचलित समजुतीचाही निरास केला पाहिजे. शरीरांतील निम्मी उष्णता डोक्यांतून जाते, असें पुष्कळजण सांगतात, व त्या भरांत जाडजूड टोप्या विणतात. डोक्याचें क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या अंगाच्या सुमारें एक-दशांशच असतें, आणि डोक्यांतून जाणारी उष्णताही जवळजवळ त्याच मानानें असते. केसांवांचून डोकें रात्रीं गारठतें हें खरें, व त्याकरितां पातळ, मऊ अशी निजतेवेळची टोपी फार सुखाची होते. परंतु वैशाखांत विदर्भांतील रुग्णास जाड टोपी पाठविणें हें दान नसून शिक्षा आहे. उन्हापासून डोक्याचा बचाव मात्र बाराही महिने करावा लागतो. म्हणून जाळीदार नक्षीची विणही येथें उपयोगी नाहीं, तिच्या भोंकांतून ऊन आंत येतें.

आतां कांहीं आक्षेपांचा विचार करूं. कोणी म्हणतात, बाजारांत थोडक्या पैशांत टोपी मिळते, मग मुलांचा वेळ कशाला घालवावा? आक्षेप खोटा नाहीं. आम्ही तर आणखी पुढें जाऊन म्हणतों कीं, उन्हाळ्यांत पुष्कळांना विणलेल्या टोपीपेक्षां जुनी सुती ओढणीच बरी वाटते, आणि ज्यांना ती बरी वाटते त्यांना टोपी देऊंच नये. परंतु बाजारची टोपी ही केस असलेल्या सरासरी डोक्याकरितां असते, आणि ज्याचें डोकें सरासरीपासून दूर गेलें त्याला सरासरी वस्तु पुरत नाहीं. हातानें विणण्याचा खरा लाभ हा कीं, तींत एकाच माणसाचें माप घालतां येतें. तें माप घेतलें नाहीं, तर बाजारची टोपीच अधिक स्वस्त व अधिक नीट.

दुसरा आक्षेप मुलग्यांच्या बाजूनें येतो, कीं विणकाम हें मुलींचें काम. ह्याला उत्तर इतिहास देतो. १९१४ पासून १९१८ पर्यंतच्या महायुद्धांत इंग्लंड-अमेरिकेंतील शाळांतून मुलीच नव्हे, तर मुलगेही सैनिकांकरितां मोजे व गळपट्टे विणीत होते. त्याच युद्धांतील दुसरी एक गोष्ट आमच्या मुद्द्यास अधिक जवळची आहे. युद्धाच्या प्रारंभीं इंग्लंडांत लोक उत्साहाच्या भरांत जें सुचेल तें विणून व शिवून पाठवूं लागले. एका ठिकाणीं एकाच वस्तूचे ढीग पडूं लागले व दुसरीकडे हवी ती वस्तु मिळेना. शेवटीं १९१५ सालीं सरकारला सर एडवर्ड वॉर्ड यांच्या हाताखालीं एक स्वतंत्र खातें काढून ह्या सर्व स्वयंसेवी कामाला वळण लावावें लागलें. प्रेम पुष्कळ होतें. उणीव होती ती विचारण्याची. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी हा धडा जुना झालेला नाहीं.

म्हणून आमची सूचना थोडक्यांत अशी आहे. ज्या शाळेस असें काम हातीं घ्यावयाचें असेल, तिनें प्रथम रुग्णालयांतील परिचारिकेस किंवा समाजसेवकास भेटून विचारावें कीं, टोप्या हव्यात काय. हव्या असल्यास लहान मुलांच्या कीं मोठ्यांच्या, सुती कीं लोंकरीच्या. उत्तर 'नकोत' असें आलें, तर तेंही आनंदानें स्वीकारावें. रंग आपण ठरवूं नये. चार रंगांचे तुकडे पाठवून निवडूं द्यावें. दोन मुलांनीं मिळून वर्षांत एकच टोपी विणावी. पण ती मापाची, शिवणीवांचूनची व स्वच्छ असावी. एक महिन्यानंतर ती वापरांत आहे काय, नसल्यास कोठें खुपते, हें परिचारिकेमार्फत समजून घ्यावें, व वहींत टिपून ठेवावें. अशा पांच टोप्या झाल्या, तर पांचशें टोप्यांहून आम्ही त्यांचा गौरव अधिक करूं. आणि एक गोष्ट कटाक्षानें पाळावी: टोपी घेणाऱ्याचें छायाचित्र काढूं नये, व तें वार्षिक अंकांत किंवा अन्य कोठेंही छापूं नये. ज्याला आपलें डोकें झांकावेंसें वाटतें, त्याचें तें डोकें आपल्या कीर्तीकरितां चारचौघांत मांडणें, ह्यासारखी विसंगति दुसरी नाहीं.

वर्गांतील वागणुकीविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. वर्गांत टोपी घालूं नये असा जेथें नियम आहे, तेथें अशा विद्यार्थ्याकरितां तो बाजूस ठेवावा. आणि तें मुख्याध्यापकांनीं आधींच सर्व शिक्षकांस कळवावें, म्हणजे भर वर्गांत 'टोपी काढ' असें कोणी म्हणणार नाहीं. विद्यार्थ्यांनीं ती टोपी थट्टेनें देखील ओढूं नये. 'केस कधीं येणार?' हा प्रश्न विचारूं नये. त्याचें उत्तर त्याच्याजवळ नसतें. कधीं कधीं सोबती आपलेंही डोकें मुंडवून घेतात. भावना थोर आहे. परंतु तेंही त्याला विचारून करावें. कोणाला त्यानें धीर येईल, आणि कोणाला आपल्या आजाराची मिरवणूक निघाली असें वाटेल. ज्याला आपण साह्य करणार, त्याच्या मताखेरीज साह्य पुरें होत नाहीं, हेंच तत्त्व येथेंही लागू आहे.

पालकहो, आपल्या पाल्यानें गुण किती मिळविले हें आपण दरवर्षीं विचारतां, व तें योग्यच आहे. यंदा त्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: दुसऱ्याला काय हवें हें विचारण्यास तो शिकला आहे काय? विद्यार्थिमित्रांनो, आपल्या डोक्याच्या मापाचें विणणें कोणासही येतें. शिक्षण तेव्हां खरें, जेव्हां दुसऱ्याच्या डोक्याचें माप घेतां येतें. आणि तुम्हीं विणलेली टोपी कांहीं महिन्यांनीं खुंटीला टांगलेली राहिली, कारण तेवढ्यांत केस परत आले, असें जर कधीं कानीं आलें, तर खेद करूं नका. ज्या वस्तूची गरज सरावी म्हणूनच ती विणली, ती टांगलेली राहणें हेंच तिचें यश होय.